वनभूमीवरील शिबिर आणि परवान्याचा प्रश्न

गेल्या वर्षी मी आमच्या निसर्ग मंडळाचा चिटणीस होतो, आणि खरे सांगायचे तर त्या वर्षातील माझा बहुतेक वेळ निसर्गात न जाता अर्ज लिहिण्यात गेला. मित्रमंडळींनी त्याची पुरेशी थट्टा केली. परंतु त्या अर्जांच्या निमित्ताने जे वाचावे लागले आणि जे ऐकावे लागले, ते वर्गात सहसा मिळत नाही. म्हणून हा लेख.

आमचा पहिला अर्ज चार ओळींचा होता. महाविद्यालयाचे ६४ विद्यार्थी भंडारदऱ्याजवळ रतनवाडी परिसरात दोन रात्रींचे शिबिर घेणार, शेकोटी व गीतगायनाचा कार्यक्रम होणार, ध्वनिक्षेपक बरोबर असणार, तरी परवानगी मिळावी ही विनंती. खाली प्राचार्यांचा शिक्का. तीन आठवड्यांनी अर्ज परत आला. त्यावर नकार नव्हता. समासात फक्त तीन प्रश्न लिहिले होते : प्रयोजन काय? जागा नक्की कोणती? रात्रीचा मुक्काम कशासाठी?

आम्हांला प्रथम राग आला. सुटीच्या दिवशी शेकडो गाड्या नाक्यावर पावती फाडून आत जातात, मग आम्हांलाच हे प्रश्न का? आमच्या मार्गदर्शक प्राध्यापकांनी मात्र तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, ‘‘प्रश्न बरोबर आहेत. उत्तरे तुमच्याजवळ नाहीत, एवढेच.’’

प्रथम जागेचा प्रश्न. आपण ‘जंगल’ या एकाच शब्दात सगळे गुंडाळतो, पण कायद्याला तो शब्द पुरत नाही. डोंगराच्या एकाच उतारावर राखीव वन असते, गावचे गायरान असते, कोणाची मालकीची खाचरे असतात, आणि या सर्वांना वेढून अभयारण्याची हद्द असू शकते. राखीव वनाला १९२७ चा भारतीय वन अधिनियम लागू होतो. त्याच्या २६ व्या कलमाने तेथे विनापरवाना शिरणे आणि निषिद्ध काळात विस्तव पेटविणे किंवा नुसता जवळ बाळगणे हादेखील गुन्हा आहे. वन अधिकाऱ्याची लेखी परवानगी असेल तरच सूट. तोंडी ‘‘या हो, काही होत नाही’’ याला किंमत नाही. आम्ही ज्या भागात जाणार होतो तो तर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. हे अभयारण्य १९८६ साली जाहीर झाले. क्षेत्र सुमारे ३६१ चौरस किलोमीटर. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर, रतनगड आणि हरिश्चंद्रगड ही सारी त्यात येतात. येथे १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम लागू होतो.

या अधिनियमाची २७ ते ३२ ही कलमे सहलीला जाणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी वाचावीत, असे मला वाटते. २७ वे कलम सांगते की कामावरील सरकारी नोकर, राहण्याची परवानगी असलेले रहिवासी, आत स्थावर मालमत्तेचा हक्क असलेले, सार्वजनिक रस्त्याने पार जाणारे व या सर्वांचे आश्रित यांच्याखेरीज कोणीही परवान्यावाचून अभयारण्यात शिरू नये. तेथे कचरा टाकण्यासही याच कलमाने मनाई केली आहे. २८ वे कलम परवाना कोणत्या कामासाठी देता येतो ते सांगते : वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण (२०२२ च्या दुरुस्तीने त्यात चित्रपट-निर्मितीची भर पडली), शास्त्रीय संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्यांशी रीतसर व्यवहार. अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकाचा. प्रत्यक्षात अर्ज परिक्षेत्रातून पायऱ्या चढत वर जातो. ३० वे कलम अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने विस्तव पेटविण्यास किंवा तो तसाच जळत ठेवण्यास मनाई करते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आमच्या शेकोटीचा कार्यक्रम वाचनालयातल्या टेबलावरच विझला. ध्वनिक्षेपकाचेही तेच झाले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार तो लावायलाच लेखी परवानगी लागते, आणि रात्री दहानंतर उघड्यावर तो बंद असलाच पाहिजे.

आता प्रयोजन. येथे आमची खरी पंचाईत झाली. आम्ही कला शाखेचे विद्यार्थी. वन्यजीवांचा अभ्यास आमचा नव्हे आणि ‘पर्यटन’ लिहावयास मन घेईना. तेव्हा सरांनी अधिनियमातील व्याख्या काढून दाखविली. कायद्याच्या भाषेत ‘वन्यजीव’ म्हणजे केवळ वाघ-बिबटे नव्हेत. अधिवासाचा भाग असलेली पाण्यातली व जमिनीवरची वनस्पतीही त्यात येते. मराठीच्या विद्यार्थ्यांनी तेथील झाडांची, वेलींची, गवतांची स्थानिक नावे गोळा केली, तर तो अभ्यासच झाला. पण लगेच दुसरी मेख निघाली. २९ व्या कलमाने परवान्याशिवाय अभयारण्यातून काहीही बाहेर नेता येत नाही, म्हणजे नमुन्यादाखल पानेही दाबून आणावयाची नाहीत. शेवटी ठरले की नावे लिहावयाची आणि पानांची चित्रे काढावयाची.

संख्येचा प्रश्न कोणी विचारला नव्हता, तो आमचा आम्हांलाच पडला. मे महिन्याच्या अखेरीस आणि जूनच्या आरंभी भंडारदरा परिसरात काजवे चमकतात व ते पाहावयास प्रचंड गर्दी होते. काजव्याचा प्रकाश म्हणजे नराने मादीला घातलेली साद. तिच्यावर मोटारींचे दिवे आणि विजेऱ्या यांचा झोत पडला तर ती साद पोहोचायची कशी? एकेकटा माणूस निरुपद्रवी असतो, पण त्याचे शंभर झाले की रानाला ते वेगळेच जनावर वाटत असावे. आमचे शिबिर डिसेंबरात होते हे खरे, पण ६४ तोंडे ही तेथेही ६४ च असणार होती.

आमच्या वर्गातील एका मैत्रिणीचे गाव अभयारण्याच्या हद्दीत आहे. दुसरा अर्ज लिहिण्यापूर्वी आम्ही चौघे तिच्या घरी गेलो. तिच्या आजोबांना आम्ही हौसेने सगळी कलमे सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाले, ‘‘तुमी दोन रातींसाठी कागद मागताय, पोरांनो. आमी जळणाच्या मोळीसाठी कुणाकडं मागायचा?’’

या वाक्यामागे केवढा इतिहास आहे हे मला परत आल्यावर वाचताना कळले. ब्रिटिशांनी १८७८ च्या कायद्याने वनांवरील सरकारी पकड घट्ट केली. महात्मा फुले यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात, जंगल खात्याने डोंगरदऱ्या आणि गायराने आपल्या ताब्यात घेऊन गरिबांच्या शेळ्यामेंढ्यांना चरावयास जागा ठेवली नाही, ही तक्रार मांडली आहे. १९३० च्या सविनय कायदेभंगात मीठ करावयास समुद्र नव्हता अशा भागांत लोकांनी जंगल सत्याग्रह केला. आपल्या जिल्ह्यातील संगमनेर, विदर्भातील पुसद, कुलाबा जिल्ह्यातील चिरनेर ही त्यांची ठिकाणे. चिरनेरला त्या वर्षी २५ सप्टेंबरला गोळीबार होऊन सत्याग्रही मारले गेले. परवाना न घेता वनभूमीवर जमणे, हाच त्या समुदायाचा कार्यक्रम होता! आम्ही परवाना मागत होतो आणि ते तो झुगारीत होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी योग्य कशा, यावर आमच्यात पुष्कळ वाद झाला. माझे मत असे की सत्याग्रहींचे पोट त्या रानावर होते, आमची केवळ सुटी होती. ज्याचे रानावाचून अडत नाही त्याने विचारूनच आत जावे.

पण विचारावयाचे कोणाला? २००६ च्या वनहक्क कायद्याने ज्यांचे हक्क आहेत त्यांना व ग्रामसभेला वने आणि वन्यजीव यांचे रक्षण करण्याचा अधिकार दिला आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, हे आपण अर्थशास्त्राच्या तासाला ऐकतो. अकोले तालुक्यातील आदिवासी गावे तर अनुसूचित क्षेत्रात मोडतात, आणि तेथे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला विशेष स्थान आहे. आमच्या अर्जाच्या नमुन्यात ग्रामसभेच्या संमतीचा रकाना नव्हता. तरीही सरांच्या आग्रहाने आम्ही गावाला पत्र दिले आणि सभेच्या दिवशी हजर राहिलो.

तेथे आमचे स्वागत झाले असे म्हणता येणार नाही. एक मावशी उठून म्हणाल्या, की मागे आलेल्यांच्या पिशव्या गुरांनी खाल्ल्या, आता तुमच्या कोण गोळा करणार? दुसऱ्या एकाने विचारले, पाणी कोणत्या विहिरीचे वापरणार? याचेही उत्तर आमच्याजवळ नव्हते. दीड तासाच्या बोलण्यानंतर ठरले ते असे : मुक्काम तंबूंत नाही, घरांत. सात घरे तयार झाली, घरटी चारजण. स्वयंपाक गावातील बाया करतील, त्याचे पैसे ठरले. देवराईत पायताण घालून जावयाचे नाही. प्लास्टिक आत आणावयाचेच नाही. अशा रीतीने ६४ चे २८ झाले.

दुसरा अर्ज पाच पानांचा झाला. गट क्रमांक, नकाशा, वेळापत्रक, घरमालकांची संमतिपत्रे, नावांची यादी, आणि विस्तव व ध्वनिक्षेपक नसेल याचे हमीपत्र. परवाना दहा दिवसांत हाती आला, काम संपताच अहवाल सादर करण्याच्या अटीवर.

वगळलेले ३६ जण मात्र माझ्यावर रागावले ते रागावलेच. प्रवेशासाठी प्रत्येकाने एका झाडावर एक पान लिहून द्यावे अशी अट मी घातली होती. ती अन्यायाची होती असे काहींचे म्हणणे आहे आणि त्यात तथ्य असावे. उत्तम चित्रे काढणारा आमचा एक मित्र लिहिण्याच्या कंटाळ्याने मागे राहिला, आणि तेथे गेल्यावर आम्हांला त्याचीच उणीव सर्वांत जास्त भासली.

शिबिराविषयी थोडकेच सांगतो. सकाळी रान, दुपारी ओसरीवर नावांची यादी, रात्री चुलीपुढे गप्पा. एकदा शेकरू दिसले. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ ही नावे सर्वांना माहीत असतात, पण एकाच वेलीला वरच्या आणि खालच्या वाडीत दोन नावे आहेत हे आम्हांला तेथेच समजले. आमच्या यादीत एकूण ८३ नावे झाली.

अहवालाची एक प्रत कचेरीत दिली, दुसरी गावात. महिन्याने मैत्रिणीबरोबर ती गावातली प्रत परत आली. आजोबांनी नातीकडून ती वाचून घेतली होती आणि अकरा नावे खोडून त्यांच्या जागी दुसरी लिहावयास सांगितली होती. एका ठिकाणी त्यांनी ‘‘हे झाड तिकडं नाही, कोणी सांगितलं?’’ असेही लिहवून घेतले होते. दुरुस्त यादी आम्ही कचेरीकडे पुन्हा पाठविली असून जागेअभावी ती या अंकात देता आली नाही. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ती पाहावयास मिळेल.