घटक ७ : 'मी', 'तो' आणि 'तू' : व्हिडिओ गेमचा लेखक चित्रपट लिहितो तेव्हा

७.१ प्रस्तावना



मागील घटकात आपण कादंबरीचे चित्रपटात होणारे माध्यमांतर अभ्यासले. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) आणि अमोल पालेकरांनी तिच्यावरून केलेला चित्रपट (१९९५) यांची तुलना करताना एक गोष्ट आपल्या ध्यानात आली असेल. कादंबरीत गोष्ट सांगणारा 'मी' हा तरुण मास्तर पडद्यावर आला, की कॅमेऱ्यासमोरचा 'तो' होतो. प्रथमपुरुषाचा तृतीयपुरुष होतो. माध्यम बदलले की कथनाचे व्याकरणच बदलते.

प्रस्तुत घटकात हाच विचार आपण एक पाऊल पुढे नेणार आहोत. गेल्या काही दशकांत व्हिडिओ गेम हे कथनाचे एक नवे माध्यम उभे राहिले आहे. त्यात कथा 'मी'ची नसते आणि 'त्या'चीही नसते; ती 'तू'ची असते. पडद्यावरचे पात्र दार उघडते, कारण खेळणाऱ्याने बटण दाबलेले असते. अशा द्वितीयपुरुषी माध्यमात नाव मिळवलेल्या लेखकाकडे चित्रपटाची पटकथा सोपवली, तर त्याच्यापुढे कोणते प्रश्न उभे राहतात?

जून २०१३ मध्ये अमेरिकेत असा प्रसंग प्रत्यक्ष घडला. 'बायोशॉक' या गेमचे कर्ते केन लेव्हिन यांना वॉर्नर ब्रदर्स या चित्रपटसंस्थेने 'लोगन्स रन' या १९७६ च्या विज्ञानपटाच्या पुनर्निर्मितीची पटकथा लिहिण्याचे काम दिले. पुनर्निर्मित चित्रपट काही निघाला नाही. त्यामुळे येथे आपला अभ्यासविषय लेव्हिन यांची पटकथा हा नाही, पटकथाकार म्हणून त्यांच्यापुढे असलेला प्रश्न हा आहे. ज्यांनी कधी व्हिडिओ गेम खेळलेला नाही, त्यांनी बिचकण्याचे कारण नाही. घरातील मुलांना खेळताना पाहिले असेल, तर तेवढे पुरे आहे.

७.२ मूळ कथा आणि तिचे पहिले माध्यमांतर

विल्यम एफ. नोलन आणि जॉर्ज क्लेटन जॉन्सन या दोन लेखकांनी मिळून लिहिलेली 'लोगन्स रन' ही कादंबरी १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील समाजात कोणालाही एकविसाव्या वर्षापुढे जगण्याची मुभा नाही. प्रत्येकाच्या तळहातात एक स्फटिक बसवलेला असतो. दर सात वर्षांनी त्याचा रंग बदलतो, अखेरच्या दिवशी तो लुकलुकू लागतो आणि मग काळा पडतो. मुदत संपली की माणसाने आपण होऊन मरणासाठी हजर व्हायचे. जो पळेल त्याला शोधून मारणारे शिपाई आहेत आणि कथानायक लोगन हा त्यांपैकीच एक आहे.

या शिपायांना 'सँडमन' म्हणतात. युरोपीय लोककथांत मुलांच्या डोळ्यांत वाळू टाकून त्यांना झोपवणारा जो पुरुष येतो, त्याचे हे नाव. मारेकऱ्याला अंगाईतले नाव आणि मृत्यूला 'झोप'! ज्या राज्यात सगळेच सुखी असल्याचे सांगितले जाते, तेथे भाषेला हे काम करावेच लागते. आपण शैलीविचारात अशुभ गोष्ट गोड शब्दांत सांगण्याचा विचार केला आहे. त्याचे याहून बोलके उदाहरण सहसा सापडणार नाही.

कादंबरीचा काळही ध्यानात घ्यावा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जन्मलेली फार मोठी पिढी १९६७ च्या सुमारास विशीत पोहोचत होती. विद्यापीठांत आंदोलने होत होती आणि तिशी उलटलेल्यांवर विश्वास ठेवू नये, अशा अर्थाची घोषणा तरुणांच्या तोंडी होती. दुसरीकडे लोकसंख्यावाढीची भीती दाटत होती. पॉल एर्लिक यांचे त्या विषयावरील गाजलेले पुस्तक १९६८ चे. तरुणांचेच राज्य आले आणि त्यांनी लोकसंख्येचा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला तर काय होईल, या शंकेला नोलन आणि जॉन्सन यांनी कथारूप दिले.

१९७६ मध्ये मायकेल अँडरसन यांच्या दिग्दर्शनाखाली या कादंबरीवर चित्रपट निघाला. त्यातील तीन बदल महत्त्वाचे आहेत. मर्यादा एकवीस वर्षांवरून तीसवर गेली. याला व्यावहारिक कारणही असावे, कारण एकविशीच्या आतल्या नटांवर संपूर्ण चित्रपट पेलणे कठीण. गंमत अशी, की लोगनची भूमिका करणारे मायकेल यॉर्क १९४२ चे, म्हणजे त्या नगरीच्या कायद्याने तेही बादच झाले असते. दुसरा बदल 'कॅरोसेल' या सोहळ्याचा. तिशी गाठलेली माणसे सर्वांदेखत हवेत तरंगत वर जातात आणि नष्ट होतात. पाहणारे मात्र ती नव्याने जन्मतील या श्रद्धेने जल्लोष करतात. कादंबरीत मरण्यासाठी स्वतंत्र दालने होती. चित्रपटाने त्या एकांताचा उत्सव केला. कॅमेऱ्याला दिसेल असे काहीतरी लागते, हे या बदलाचे वरवरचे कारण. खरे कारण अधिक खोल आहे : उत्सवामुळे समाजाचा सहभाग दिसतो आणि मग दोष एकट्या राज्यकर्त्यांवर ढकलता येत नाही.

तिसरा बदल सर्वांत मोठा. पळणारे सारे ज्या 'सँक्च्युअरी'च्या, म्हणजे अभयस्थानाच्या, आशेने पळतात, ते कादंबरीत खरोखर अस्तित्वात आहे. चित्रपटात ते नाहीच. शेवटी लोगन हेच सत्य नगरी चालवणाऱ्या संगणकाला सांगतो आणि संगणकाला ते उत्तर स्वीकारता येत नाही. कादंबरीतला पळ कोठेतरी पोहोचतो. चित्रपटातला पळ उघड्या आकाशाखालच्या ओसाड वॉशिंग्टन शहरात, मांजरे पाळून राहणाऱ्या एका म्हाताऱ्यापाशी येऊन थांबतो. सुरकुत्या पडलेला चेहरा लोगनने जन्मात पाहिलेला नसतो. पीटर उस्तिनोव्ह यांनी साकारलेला हा म्हातारा मला संपूर्ण चित्रपटातील सर्वांत मोठी वैज्ञानिक कल्पना वाटतो, आणि तिला यंत्राची गरजच पडलेली नाही.

७.३ द्वितीयपुरुषी कथन : 'बायोशॉक'

केन लेव्हिन यांचे शिक्षण नाट्यविषयात झाले. गेमच्या क्षेत्रात येण्यापूर्वी त्यांनी पटकथालेखनात प्रयत्न करून पाहिला होता. १९९७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह 'इरॅशनल गेम्स' ही संस्था स्थापन केली. 'सिस्टिम शॉक २' (१९९९), 'बायोशॉक' (२००७) आणि 'बायोशॉक इन्फिनिट' (२०१३) हे त्यांचे महत्त्वाचे गेम. आपल्या विवेचनासाठी मधला गेम पुरेसा आहे.

'बायोशॉक'ची कथा १९६० मध्ये घडते. अटलांटिक महासागरात विमान कोसळते. वाचलेला एकटा प्रवासी, म्हणजे खेळाडू, एका दीपस्तंभातून समुद्रतळाशी असलेल्या 'रॅप्चर' नावाच्या नगरीत उतरतो. अँड्र्यू रायन या धनाढ्याने सरकार, धर्म आणि नीती यांच्या बंधनांपासून मुक्त अशी ही नगरी वसवलेली आहे. आयन रँड यांच्या व्यक्तिवादी तत्त्वज्ञानाचा तिच्यामागे उघड संदर्भ आहे. खेळाडू तेथे पोहोचतो तेव्हा मात्र नगरी मोडून पडलेली असते.

ही पडझड त्याला कोणी वर्णन करून सांगत नाही. नववर्षाच्या स्वागतासाठी सजवलेले उपाहारगृह, उधळलेली टेबले, सांडलेले मद्य आणि शेजारी पडलेले ध्वनिमुद्रण यंत्र, त्यात एखाद्या रहिवाशाने बोलून ठेवलेली रोजनिशी. खेळाडूने थांबून ऐकले तर कथा कळते. तो पुढे निघून गेला, तर त्याच्यापुरती ती कथा घडलेलीच नसते. निवेदकाचे काम येथे जागेने अंगावर घेतले आहे.

आता मुख्य मुद्दा. रेडिओवरून ॲटलस नावाचा एक माणूस खेळाडूला मार्ग दाखवत असतो. तो काहीही सांगताना कृपा करून, मेहेरबानी करून अशा थाटाचे एक ठरावीक सौजन्याचे शब्द वापरतो. खेळाडू दार उघडतो, वस्तू उचलतो, पुढे जातो. गेम खेळणारा सूचना पाळतोच. त्यात कोणाला वावगे वाटत नाही. पुढे रायनशी गाठ पडते तेव्हा उलगडा होतो, की ते सौजन्याचे शब्द म्हणजे नायकाच्या मनावर लहानपणीच बिंबवलेली कळ होती. ते उच्चारले, की त्याला आज्ञा मोडताच येत नव्हती.

आपल्या व्याकरणात आज्ञा, विनंती, प्रार्थना आणि उपदेश या सर्वांना 'आज्ञार्थ' या एकाच अर्थात जागा दिली आहे. 'बस', 'बसा', 'कृपया बसा' : रूपे वेगळी आणि आदर कमीअधिक, पण ऐकणाऱ्याकडून अपेक्षा एकच. लेव्हिन यांनी याच साम्यावर कथेचा कळस उभारला. विनंती वाटत होती ती आज्ञा निघते. त्याहून बोचणारी गोष्ट ही, की फसवला गेला तो केवळ नायक नव्हे. तासन्‌तास बटणे दाबणारा खेळाडूही तितक्याच निमूटपणे आज्ञा पाळत होता. हा धक्का कादंबरीतील 'मी'ला किंवा चित्रपटातील 'तो'ला देता आला, तरी वाचक-प्रेक्षकाला देता येत नाही, कारण त्याने काही केलेलेच नसते.

येथे एक बारकावा आहे आणि तो सहज निसटतो. ज्या क्षणी नायकाच्या हातून रायनचा वध होतो, त्या क्षणी गेम खेळाडूच्या हातातील नियंत्रण काढून घेतो. बटणे दाबून उपयोग नाही, फक्त पाहायचे. म्हणजे द्वितीयपुरुषी माध्यमाने आपल्या सर्वोच्च प्रसंगी चित्रपटाचे व्याकरण उसने घेतले आहे. परवशता दाखवायची, तर खेळणाऱ्याला प्रेक्षक करणे यासारखा दुसरा उपाय नव्हता.

या रचनेवर टीकाही झाली. क्लिंट हॉकिंग या गेमरचनाकाराने २००७ मध्येच असा आक्षेप घेतला, की खेळाच्या नियमांत स्वार्थ साधावा की नाही याची निवड खेळाडूला आहे, कथेत मात्र ॲटलसला मदत करण्यावाचून त्याला गत्यंतर नाही. नियम एक सांगतात आणि कथा दुसरे. परवशता हाच कथेचा विषय आहे, असे उत्तर यावर देता येईल. पण ते अपुरे आहे. रहस्य उलगडल्यानंतरही खेळाडू दुसऱ्या कोणाच्या तरी सूचना ऐकतच पुढे जातो. बेडी दाखवून दिली, तोडली नाही.

७.४ लोगनपाशी परत

आता १९७६ च्या चित्रपटाकडे पुन्हा पाहू. लोगन बंड करतो, असे आपण सहज म्हणून जातो. प्रत्यक्षात त्याच्या पळण्याचा आरंभ बंडातून होत नाही. संगणक त्याला आज्ञा देतो, की तू पळपुट्याचे सोंग घे आणि अभयस्थान शोधून नष्ट कर. सोंग खरे वाटावे म्हणून त्याच्या स्फटिकातील चार वर्षे पुढे ढकलली जातात. ती परत मिळतील का, या त्याच्या प्रश्नाला संगणक उत्तर देत नाही. म्हणजे लोगनचे स्वातंत्र्यही हुकमाबरहुकूम सुरू झाले आहे. ॲटलसच्या गोड शब्दांमागे चालणारा नायक आणि हा शिपाई एकाच जातकुळीचे आहेत. आज्ञापालनाचा प्रश्न खेळाच्या मुळाशी नेऊन ठेवणाऱ्या लेखकाच्या हाती ही कथा देणे, ही निवड त्यामुळे मला अर्थपूर्ण वाटते.

अडचण पुढेच आहे. प्रेक्षकाने खुर्चीत बसून कोणालाही मारलेले नाही. लोगन पळणाऱ्यांना मारतो ते तो पाहतो आणि बहुधा मनातून निषेधही करतो. त्याचे हात कोरडेच राहतात. खेळाडूवर टाकता येणारा अपराधाचा भार चित्रपटाने कोणावर टाकायचा? एक वाट 'कॅरोसेल'ने दाखवली आहे. तो सोहळा पहिल्यांदा पाहताना दिव्यांनी आणि तरंगणाऱ्या देहांनी आपलेही डोळे दिपतात. आपण जल्लोषात क्षणभर सामील होतो आणि मग काय पाहिले ते उमगते. चित्रपटाजवळचा आज्ञार्थ एवढाच, 'पाहा'.

दुसरी अडचण जागेची. खेळाडू रॅप्चरमध्ये कितीही वेळ रेंगाळू शकतो. चित्रपटाला दोन तासांत आटोपावे लागते. ध्वनिमुद्रित रोजनिशांतील माहिती संवादांत कोंबली, तर पात्रे नगरीच्या माहितीपत्रकासारखी बोलू लागतात. मूळ चित्रपटाने नगरीच्या काही अंतर्भागांचे चित्रण टेक्सासमधील डॅलसच्या खऱ्या व्यापारी संकुलात केले. सुखाची नगरी बाजारासारखी दिसते, आणि हे एकाही पात्राला बोलून सांगावे लागत नाही.

हरवते तसे काही मिळतेही. 'बायोशॉक'मध्ये नायकाच्या डोळ्यांनी पाहायचे असल्याने त्याचे हात दिसतात, चेहरा दिसत नाही. रहस्य उलगडते त्या क्षणी त्या माणसाच्या मुद्रेवर काय उमटले, हे खेळाडूला कळण्याची सोयच नाही. तळहात लुकलुकू लागल्यावर लोगनचा चेहरा मात्र आपल्याला दिसतो. नटाचा चेहरा हे गेमच्या लेखकाला चित्रपटाने दिलेले सर्वांत मोठे देणे आहे, आणि त्याचा वापर करायचा तर त्याला शब्द कमी करावे लागतील.

लेखकाचे स्थान हाही येथे एक विषय आहे. आपल्या संस्थेत लेव्हिन हे लेखक आणि सर्जनदिग्दर्शक होते. कथा आणि नियम दोन्हींवर त्यांचा शब्द चाले. हॉलिवूडमध्ये पटकथाकार हा अनेकांतील एक असतो. या पुनर्निर्मितीशी ब्रायन सिंगर, निकोलस विंडिंग रेफ्न अशा दिग्दर्शकांची नावे वेगवेगळ्या काळी जोडली गेली आणि मागे पडली. लेव्हिन यांच्यानंतरही नवे लेखक आले. नाटक प्रयोगापर्यंत पोहोचले नाही तरी त्याची संहिता छापता येते, वाचता येते. न निघालेल्या चित्रपटाची पटकथा मात्र सहसा संस्थेच्या कपाटातच राहते.

७.५ स्वाध्याय

१. कादंबरीतील एकवीस वर्षांची मर्यादा चित्रपटात तीस झाली आणि अभयस्थान नाहीसे झाले. या दोन बदलांपैकी कोणत्या बदलाने कथेचा आशय अधिक पालटला, हे सकारण लिहा.

२. 'विनंती हे आज्ञेचेच एक रूप आहे.' या विधानाची चर्चा 'बायोशॉक'मधील प्रसंगाच्या आधारे करा. आपल्या घरातील किंवा कामाच्या ठिकाणच्या बोलण्यातील दोन उदाहरणे द्या.

३. आपल्या आवडीच्या मराठी कथेतील प्रथमपुरुषी निवेदनाचा एक प्रसंग निवडा. तो आधी तृतीयपुरुषात आणि नंतर 'तू' वापरून द्वितीयपुरुषात लिहा. तिन्ही लेखनांत वाचकावर येणारी जबाबदारी कशी बदलते, याविषयी दहा ओळी लिहा. संपर्कसत्रात येताना तिन्ही उतारे सोबत आणावेत. ते तेथे मोठ्याने वाचले जातील.