कळसूबाईच्या माथ्यावर उकळते पाणी

पाणी किती अंशांवर उकळते, असे विचारले तर तुमच्यापैकी बहुतेकांचे हात एकदम वर होतील. "शंभर अंश सेल्सिअस!" उत्तर बरोबर आहे, पण कोठे, हे सांगितल्याशिवाय ते पुरे होत नाही. समुद्रकाठच्या मालवणात ते बरोबर आहे. पुण्यात ते जरासे चुकते. आणि महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखरावर, म्हणजे कळसूबाईवर, ते पाच अंशांहून अधिक चुकते. ही चूक मोठी उपयोगी आहे. तिच्या साह्याने डोंगराची उंची मोजता येते!

आमच्या महाविद्यालयातील अकरावीच्या मुलामुलींना घेऊन मी डिसेंबरमध्ये कळसूबाईला गेलो, तो हाच प्रयोग करण्यासाठी. सामान अगदी साधे होते : एक लहान गॅसची शेगडी, एक पातेले, दूध आणायची उभी किटली आणि प्रयोगशाळेतील पाऱ्याचा एक तापमापक. संगमनेर, अकोले, राजूर या गावांवरून आम्ही बारी या पायथ्याच्या गावी पोहोचलो. पहाटे चढायला सुरुवात केली. वाटेत कातळाला लावलेल्या लोखंडी शिड्या चढताना तापमापक सांभाळणाऱ्या मुलाचा जीव मात्र मुठीत होता.

हवेचे ओझे

आपण सारे हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो. समुद्रसपाटीला दर चौरस मीटरवर सुमारे दहा टन हवेचे ओझे असते. हे ओझे ७६० मिलिमीटर उंचीचा पाऱ्याचा स्तंभ तोलून धरते. डोंगर चढू लागलो, की काही हवा आपल्या पायांखाली राहते आणि डोक्यावरचे ओझे कमी होते. पुण्यात पाऱ्याचा स्तंभ सुमारे ७१० मिलिमीटर भरतो, तर कळसूबाईच्या माथ्यावर सुमारे ६२५.

आता पाणी उकळणे म्हणजे काय ते पाहा. पाणी तापले की त्याच्या पोटात वाफेचे बुडबुडे तयार होऊ पाहतात. पण बाहेरची हवा पाण्याला दाबत असते. आतल्या वाफेचा दाब बाहेरच्या दाबाइतका झाला, की मगच बुडबुडा टिकतो व वर येऊन फुटतो. बाहेरचा दाब कमी असेल तर वाफेलाही कमी जोर पुरतो, आणि पाणी कमी तापमानालाच उकळते. ढोबळ नियम असा, की सुमारे ३०० मीटर चढल्यावर उत्कलनबिंदू एक अंशाने उतरतो. म्हणूनच उंच डोंगरावर डाळ लवकर शिजत नाही. पाणी खळखळत असते, पण ते पुरेसे तापलेले नसते. प्रेशर कुकरमध्ये याच्या उलट घडते.

ही युक्ती जुनी आहे. कुमाऊँमधील मिलम गावचे शाळामास्तर नैनसिंह रावत १८६६ साली वेष पालटून ल्हासाला पोहोचले. परक्यांना तेथे जायला बंदी होती. पावले मोजून त्यांनी अंतरे काढली, आणि पाणी उकळून, त्यात तापमापक धरून, ठिकाणांच्या उंचीचा अंदाज घेतला. आपल्याला तर कोणापासून लपायचेही नव्हते!

माथ्यावरचा हिशेब

निघण्यापूर्वी पुण्याच्या प्रयोगशाळेत आम्ही याच तापमापकाने उत्कलनबिंदू घेतला होता. तो ९८.२५ अंश आला. पुण्याची उंची ५६० मीटर धरली.

दुपारी दोनच्या सुमारास आम्ही माथ्यावर होतो. देवीच्या लहानशा देवळाच्या आडोशाला शेगडी पेटवली. पातेल्यात पाणी खळखळू लागले, तसा तापमापकाचा फुगा त्यात बुडवला. पारा ९४ वर स्थिरावला. एका मुलीने भराभर हिशेब केला : फरक ४.२५ अंश; गुणिले ३०० म्हणजे १२७५ मीटर; त्यात पुण्याचे ५६० मिळवले की १८३५ मीटर.

सगळे गप्प झाले. कळसूबाईची उंची १६४६ मीटर आहे, हे सर्वांना पाठ होते. आमचा डोंगर १८९ मीटरनी जास्त वाढला होता!

वही लिहिणारा मुलगा हळूच म्हणाला, "सर, ९४ ऐवजी ९४.६ लिहू का? मग उत्तर बरोबर जुळते."

खरे सांगायचे तर क्षणभर मलाही मोह झाला. वारा बोचरा होता, गॅस थोडाच उरला होता आणि उजेड असेपर्यंत शिड्या उतरायच्या होत्या. पण डोंगराची उंची ठाऊक असताना ती पुन्हा मोजायला आपण एवढे चढून आलो ते कशासाठी? आपली मोजण्याची पद्धत विश्वासाची आहे की नाही, हे कळावे म्हणून. आकडा बदलला असता, तर नेमकी तीच गोष्ट कायमची झाकली गेली असती. मी म्हटले, "९४ च लिही. खोडायचे काही नाही. आता कारण शोधू."

चूक कोठे होती?

कारण शोधताना दोन प्रश्न विचारावेत. चुकीची दिशा जुळते का? आणि आकार जुळतो का?

पहिला संशय पाण्यावर गेला. ते माथ्याखालच्या विहिरीचे होते. त्यात क्षार असतील. पण क्षारांमुळे उत्कलनबिंदू वाढतो, आणि उंची कमी भरते. आमची तर जास्त भरली होती. दिशाच उलटी. शिवाय लिटरभर पाण्यात मूठभर मीठ टाकले, तरी फरक अंशभराचाच पडतो.

दुसरा संशय वेळेवर. आपल्याकडे हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास जास्त आणि दुपारी चारच्या सुमारास कमी असतो. पुण्याचे मोजमाप सकाळचे होते, येथले दुपारचे. दिशा जुळली! पण हा फरक तीन-चार मिलिबारचा, म्हणजे फार तर तीसेक मीटरचा. १८९ मीटर त्यातून निघत नाहीत. आकार जुळला नाही.

तेवढ्यात हिशेब करणारी मुलगी म्हणाली, "सर, प्रयोगशाळेत तापमापक जवळजवळ सगळा वाफेत होता. येथे नुसता फुगा पाण्यात आहे."

शाबास! तापमापकाच्या खुणा करताना असे धरलेले असते, की फुगा आणि नळीतला पारा दोन्ही सारखेच तापलेले आहेत. येथे सुमारे ७० अंशांच्या लांबीचा पारा वीस अंशांच्या गार वाऱ्यात उघडा होता. काचेच्या तुलनेत पारा दर अंशाला सुमारे ६३०० व्या भागाने प्रसरण पावतो. तो ७५ अंशांनी थंड राहिला, तर ७० × ७५ ÷ ६३००, म्हणजे जवळजवळ ०.८३ अंश कमी दिसतील. त्याचे मीटर होतात सुमारे २५०. वर येणाऱ्या वाफेने नळी थोडी तापते, म्हणून प्रत्यक्षात चूक याहून काहीशी कमी. दिशाही जुळली आणि आकारही!

उरलेल्या गॅसवर दुसरा प्रयत्न केला. किटलीत चार बोटे पाणी घेतले. झाकण किंचित उघडे ठेवून फटीतून तापमापक आत सोडला, तो पाण्याला न टेकता वाफेत लोंबकळेल असा. किटलीभोवती टॉवेलची घडी धरली, मात्र ज्योतीपासून दूर. पारा या वेळी ९४.७५ वर थांबला. फरक ३.५ अंश; उंची १०५० अधिक ५६०, म्हणजे १६१० मीटर.

१६४६ का नाही? आमच्या तापमापकावर एकेका अंशाच्याच खुणा होत्या. डोळ्याने पाव अंशापर्यंत अंदाज करता येतो, आणि पाव अंश म्हणजे ७५ मीटर. तेव्हा खरे उत्तर असे : "१६१० मीटर, ७५ मीटर इकडे किंवा तिकडे." पुस्तकातला आकडा या मर्यादेत बसतो. वहीत आम्ही ९४ आणि ९४.७५ ही दोन्ही मोजमापे ठेवली, आणि पहिल्यापुढे चुकीचे कारण लिहिले. त्या पानावरचा सर्वांत मोलाचा मजकूर तोच आहे.

तलावाकाठी

दुसऱ्या दिवशी भंडारदऱ्याला मुक्काम होता. प्रवरा नदीवरच्या विल्सन धरणाने अडवलेले पाणी डोंगरांच्या मधोमध पसरलेले आहे. त्याच्या काठी, शेंडी गावाजवळ, आम्ही पुन्हा किटली चढवली. या ठिकाणाची उंची आमच्यापैकी कोणी आधी पाहिलेली नव्हती. आकडा जुळवावा असे म्हटले, तरी कशाशी जुळवणार? पारा ९७.५ वर थांबला. फरक ०.७५ अंश, २२५ अधिक ५६०, म्हणजे ७८५ मीटर, ७५ मीटर इकडे किंवा तिकडे. आदल्या दिवशी कारण शोधले होते, म्हणून आज या आकड्यावर विश्वास ठेवता आला. तो कितपत बरोबर आहे, हे तुम्हीच समोच्च रेषांच्या नकाशावर ताडून पाहा.

तुम्हीही करून पाहा

सहलीला जाल तेव्हा आधी आपल्या गावचा उत्कलनबिंदू घ्या, मग डोंगरावरचा. तापमापक तोच वापरा आणि दोन्ही वेळा वाफेतच धरा. भांड्याचे झाकण कधीही घट्ट लावू नका. वाफ कोंडली तर दाब वाढून उत्तर चुकेल आणि अपघातही होईल. वाफेने हात भाजतो, म्हणून शिक्षक किंवा मोठे माणूस जवळ असू द्या. कळसूबाईचा परिसर अभयारण्यात येतो. तेथे लाकडे पेटवू नका. आज काही फोनमध्ये हवेचा दाब मोजणारे इवलेसे साधन असते. तेही हवेचे हेच ओझे मोजते. त्याचे उत्तर आपल्या उत्तराशी जरूर ताडून पाहा. पण आपले मोजमाप वहीत लिहून झाल्यावर!