फिरंगी नेमका कोण?

नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात यंत्र जोडायला जर्मनीहून इंजिनिअर आला आणि दोन दिवसांत सगळ्यांच्या तोंडी ‘फिरंगी’ झाला. तिथे नोकरीला असलेली भाची रविवारी हा शब्द घेऊन मामांकडे आली. मामा इतिहासाचे निवृत्त शिक्षक.

भाची : मामा, फिरंगी ही शिवी आहे का? त्याच्यासमोर ऐकताना मलाच कसंतरी होतं.

मामा : मुळात शिवी नाही. युरोपात फ्रँक नावाचे लोक होते, फ्रान्सला नाव पडलं ते त्यांच्यावरून. अकराव्या शतकाच्या शेवटी धर्मयुद्धांसाठी पश्चिमेकडून फौजा आल्या. त्यांत नाना देशांचे लोक होते, जर्मनही होते. पण अरबांच्या लेखी ते सगळे फ्रँकच. फारसीत त्याचं ‘फरंग’ झालं आणि तिथून आपल्याकडे फिरंगी.

भाची : मग जर्मन माणसाला फिरंगी म्हटलं तर बरोबरच की!

मामा : अरबांच्या हिशेबाने बरोबर, जुन्या मराठीच्या हिशेबाने चूक. शिवकाळात फिरंगी म्हणजे मुख्यतः पोर्तुगीज, गोवा-वसईचा. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र बघ, १७१५ च्या सुमाराचं. त्यात फिरंगी वेगळा, इंग्रज वेगळा, वलंदेज म्हणजे डच, फरासीस म्हणजे फ्रेंच आणि डिंगमार म्हणजे डेन्मार्कचा. सगळे मिळून टोपीकर. हे इतर सावकारांसारखे नुसते व्यापारी नाहीत, यांच्या पाठीशी राजे आहेत, हेही त्यात बजावलंय. इतकी नेमकी नजर मला फार मोलाची वाटते. दूरच्याला एकच नाव पुरतं गं. ज्याच्याशी रोज गाठ पडते, त्याला वेगळं नाव द्यावंच लागतं.

भाची : वलंदेज, डिंगमार... ही नावं आली कुठून?

मामा : पोर्तुगीज आधी आले, १४९८ मध्ये. मागून आलेल्यांची नावं आपण त्यांच्याच तोंडून उचलली. ‘इंग्रज’सुद्धा त्यांच्याच ‘इंग्लेज’वरून.

भाची : मग फिरंगीला वाईट वास कधी लागला?

मामा : माणसाबरोबर त्याच्या वस्तूही येतात. युरोपी पात्याची सरळ तलवार ‘फिरंग’ झाली, तिचा तर मान होता. पण उपदंशालाही सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात ‘फिरंग रोग’ म्हटलंय. तुर्कीत त्या रोगाचं नाव आजही ‘फ्रेंगी’. उलट थायलंडमध्ये गोऱ्या माणसाला ‘फरांग’ म्हणतात आणि पेरूच्या फळालाही तेच नाव!

भाची : मेक्सिकोत अमेरिकनांना ग्रिंगो म्हणतात, ते हिरव्या गणवेशाच्या सैनिकांवरून ना? ‘ग्रीन, गो’, म्हणजे ‘हिरव्यांनो, जा’?

मामा : ती कथा पाठीमागून रचलेली. अमेरिका-मेक्सिको युद्ध १८४६ चं, आणि ग्रिंगो १७८७ च्या स्पॅनिश कोशात सापडतो. बहुधा तो ‘ग्रिएगो’वरून आला, म्हणजे ग्रीक, ज्याची बोली कळत नाही तो. ग्रीकांनी तरी काय केलं? परक्याचं बोलणं त्यांना ‘बर्बर’ ऐकू आलं, म्हणून तो बार्बारोस. आणि तुझ्या पाहुण्याला रशियन भाषेत ‘नेमेत्स’ म्हणतात. मूळ अर्थ मुका.

भाची : बिचारा! दिवसभर तर बोलत असतो.

मामा : आपण तरी कुठे मागे आहोत? आयोनियाच्या ग्रीकांवरून यवन शब्द आला. कार्ल्याच्या लेण्यात खांब दान देणाऱ्या यवनांचे लेख आहेत. पुढे मराठी बखरींत तोच शब्द मुसलमानांसाठी येतो. शब्द तोच राहिला, माणसं बदलली. आणि आपल्या खानदेशातली परदेशी आडनावाची घरं? जुन्या मराठीत परदेशी म्हणजे उत्तर हिंदुस्थानातून आलेला. आता त्या घरांतली मुलं अहिराणीत भांडतात.

भाची : मग उद्या कारखान्यात काय सांगू?

मामा : सांग, हा फिरंगी नव्हे, फार तर टोपीकर. अमात्यांच्या त्या यादीत जर्मन नाहीच!