व्यवस्थापन संस्थांतील प्रवेश : संधीचा हिशेब कसा मांडावा?

ग्रामीण महाविद्यालयांतील पदवीधरांच्या मनात भारतीय व्यवस्थापन संस्थांविषयी बहुधा दोन टोकांच्या कल्पना आढळतात. ‘तेथे आपला निभाव लागणार नाही’ असे मानून काही जण अर्जच करीत नाहीत. तर काही जण घरची शिल्लक शिकवणी वर्गांत घालून पुढचे सारे दैवावर सोपवितात. या दोहोंमधील मार्ग हिशेबाचा आहे. आपली संधी किती, हे अर्ज करण्यापूर्वीच बऱ्याच अंशी मोजता येते.

कोलकाता व अहमदाबाद येथील संस्था १९६१ साली स्थापन झाल्या. आज देशात अशा वीसहून अधिक संस्था आहेत. महाराष्ट्रात नागपूरची संस्था २०१५ साली सुरू झाली, तर १९६३ पासून कार्यरत असलेल्या मुंबईच्या ‘निटी’ला २०२३ साली हा दर्जा मिळाला. या संस्थांच्या द्विवार्षिक पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी ‘कॅट’ ही सामाईक परीक्षा साधारणतः नोव्हेंबरअखेरीस होते.

पात्रता म्हणजे संधी नव्हे

कोणत्याही शाखेची पदवी ५० टक्के गुणांनी, तर अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व दिव्यांग उमेदवारांनी ४५ टक्के गुणांनी मिळविलेली असल्यास परीक्षेस बसता येते. पदवीच्या अंतिम वर्षातील विद्यार्थीही अर्ज करू शकतात. मात्र ही अट केवळ प्रवेशद्वाराची आहे. खरी स्पर्धा पुढे सुरू होते.

‘पर्सेंटाइल’चा अर्थ

या परीक्षेचा निकाल शेकडा गुणांत नसून पर्सेंटाइलमध्ये दिला जातो. आपल्या मागे किती उमेदवार राहिले, हे त्यावरून कळते. २०२४ साली सुमारे २ लाख ९३ हजार उमेदवारांनी परीक्षा दिली. म्हणजे ९५ पर्सेंटाइल मिळविणाऱ्याच्या पुढे सुमारे १४,६५० आणि ९९ पर्सेंटाइल मिळविणाऱ्याच्या पुढेही सुमारे २,९३० उमेदवार होते. अहमदाबाद येथील मुख्य अभ्यासक्रमाच्या जागा मात्र सुमारे ४०० आहेत. ‘९५ मिळाले’ या आनंदाला ही दुसरी बाजू आहे.

एकूण गुणांइतकेच विभागवार गुणही महत्त्वाचे असतात. भाषा व आकलन, माहितीचे विश्लेषण व तर्क, आणि गणित अशा तीन विभागांना प्रत्येकी ४० मिनिटे मिळतात. समजा, एखाद्या विद्यार्थिनीस सराव चाचण्यांत गणितात ९२, तर्कात ९० आणि भाषेत ६० पर्सेंटाइल मिळतात. खुल्या प्रवर्गात नामांकित संस्थांच्या विभागवार किमान मर्यादेखाली ती भाषेमुळे राहील. तिने गणिताचा आणखी एक वर्ग लावण्यापेक्षा रोज इंग्रजी अग्रलेख वाचणे अधिक हिताचे होय. बरोबर उत्तरास ३ गुण मिळतात व चुकलेल्या बहुपर्यायी उत्तरास १ गुण वजा होतो. म्हणून अंदाजाने उत्तरे देण्याची सवयही तपासली पाहिजे.

जुने गुण आणि मुलाखत

अहमदाबाद येथे मुलाखतीसाठी निवड करताना दहावी, बारावी व पदवी या तिन्ही टप्प्यांचे गुण विचारात घेतले जातात. इतर संस्थांचे निकष वेगळे असून काही ठिकाणी कार्यानुभवासही गुण असतात. प्रत्येक संस्था आपले निकष प्रसिद्ध करते. त्यांनुसार स्वतःचे गुण मांडून पाहणे, हाच संधी मोजण्याचा विश्वसनीय मार्ग होय. मुलाखतीचे बोलावणे म्हणजे प्रवेश नव्हे. विद्यार्थ्यास आपल्या पदवीचा विषय आणि आपला परिसर यांविषयी विचारपूर्वक बोलता आले पाहिजे.

दाखल्याची दक्षता

या संस्थांत केंद्र शासनाचे आरक्षण लागू आहे : अनुसूचित जाती १५ टक्के, अनुसूचित जमाती ७.५ टक्के, इतर मागासवर्ग २७ टक्के, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक १० टक्क्यांपर्यंत आणि दिव्यांग ५ टक्के. राज्यातील विमुक्त जाती, भटक्या जमाती व एसईबीसी असे स्वतंत्र प्रवर्ग येथे नाहीत. आपली जात केंद्राच्या इतर मागासवर्ग सूचीत आहे काय, हे आधी पाहावे लागते. दाखलाही केंद्राच्या विहित नमुन्यातील व मुदतीतील असावा लागतो. केवळ राज्याचा दाखला हाती असल्याने गुण असूनही संधी हुकू शकते. पंचायत सदस्य व महसूल कर्मचारी यांनी अर्जाच्या हंगामापूर्वीच ही माहिती गावोगाव पोहोचविल्यास मोठे काम होईल.

तीन पायऱ्यांची यादी

विद्यार्थ्याने अवघड, बरोबरीच्या आणि आवाक्यातील अशा तीन गटांत संस्थांची यादी करावी. राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेचा पर्यायही सोडू नये. १९६५ साली स्थापन झालेली मुंबईची जमनालाल बजाज व्यवस्थापन अभ्यास संस्था याच मार्गाने प्रवेश देते. ‘कॅट’च्या मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका विनामूल्य उपलब्ध असतात. त्यांपैकी एक पत्रिका शिक्षकांनी महाविद्यालयातच घड्याळ लावून सोडवून घ्यावी. त्या दोन तासांत विद्यार्थ्यास आपले बळ कळेल व उणीवही कळेल. आणि शिकवणीवर पैसा खर्च करावा की नाही, याचा निर्णय कुटुंबास डोळसपणे घेता येईल.