गुरांचा डॉक्टर व्हायचे तर : कोणते शिक्षण, कोणती पदवी?



बारावीचा निकाल लागला की आपल्या गटातल्या पुष्कळ घरांत एक बोलणे निघते. पोराला जनावरांची आवड आहे, दावणीला चार गाई आहेत, तेव्हा त्याला गुरांचा डॉक्टर करू. विचार चांगला आहे. परंतु जनावरांच्या नावाने तीन-चार निरनिराळे अभ्यासक्रम चालतात आणि त्यांतला एकच डॉक्टर करतो. फी भरून, दोन-तीन वर्षे घालवून मग हे कळले तर पोराची वर्षेही जातात आणि उसाच्या बिलातले पैसेही जातात. म्हणून हा विषय आधीच समजावून घेतलेला बरा.

डॉक्टर करणारी पदवी कोणती?

ती पदवी म्हणजे बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच., म्हणजे पशुवैद्यक व पशुसंवर्धन शास्त्राची पदवी. साडेचार वर्षे अभ्यास आणि त्यावर एक वर्ष प्रत्यक्ष काम, असा साडेपाच वर्षांचा हिशेब आहे. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार ही पदवी घेऊन परिषदेत नाव नोंदवलेल्या माणसालाच जनावरांवर उपचार करण्याचा व्यवसाय करता येतो.

मग बाकीचे काय? पदविका घेतलेल्यांना शासनाच्या आदेशानुसार, नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा देता येते. स्वतंत्र दवाखाना घालता येत नाही. कृषी पदवीत पशुसंवर्धन व दुग्धशास्त्र हा विषय असतो, पण त्याने डॉक्टर होत नाही. दुग्धतंत्रज्ञानाची पदवी दूध काढल्यानंतरची, म्हणजे डेअरीतल्या प्रक्रियेची आहे. हे अभ्यासक्रम कमी दर्जाचे नाहीत. दूध संघ, बँका, पशुखाद्य कारखाने यांना अशी माणसे लागतातच. फक्त कशाने काय होते ते ठाऊक असावे.

आपल्या राज्यात पहिले पशुवैद्यक महाविद्यालय मुंबईस 1886 साली निघाले. पुढे नागपूर, परभणी, उदगीर आणि आपल्या सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे निघाली. 2000 साली नागपूरला पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले व ही महाविद्यालये त्याखाली आली. प्रवेश नीट परीक्षेच्या गुणांवर होतो. अकरावी-बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत. गणिताच्या नादाने जीवशास्त्र सोडले की ही वाट तिथेच बंद झाली म्हणून समजा.

इतकी वर्षे शिकवतात तरी काय?

एका गाईवरून पाहू. संकरित गाय व्याली आणि दुसऱ्या दिवशी खाली बसली. मान बरगडीकडे वळवली, कान गार पडले. याला दुग्धज्वर म्हणतात. नाव ज्वर, पण ताप नसतो. चीक तयार होताना रक्तातला कॅल्शियम एकदम कासेकडे ओढला जातो व स्नायूंतला जोर जातो.

मानेची शीर कुठे आहे हे शरीररचनाशास्त्र सांगते. कॅल्शियमवर स्नायू व हृदय कसे चालते हे शरीरक्रियाशास्त्र सांगते. बाटली सावकाश, हृदयाचे ठोके ऐकत सोडावी हे औषधशास्त्र शिकवते. तीच बाटली घाईने सोडली तर हृदय बंद पडून गाय जागच्या जागी मरते. बाटली दुकानात मिळते. ती कशी, किती व कधी द्यायची हे कळायला अभ्यास लागतो.

पशुआहार हा आणखी एक विषय. गळीत हंगामात आपण वाढे घालतो. वाढ्यात ऑक्झॅलेट असते. ते कॅल्शियमला धरून ठेवते, मग तो जनावराच्या अंगी लागत नाही. म्हणून नुसत्या वाढ्यावर जनावर ठेवू नये; दुसरी वैरण व खनिज मिश्रण द्यावे, असे डॉक्टर सांगतो. लग्नातला उरलेला भात पाटीभर घातला की गाय का पडते, तेही याच शास्त्रात आहे. पोटात आम्ल वाढते व रवंथ थांबतो.

शिवाय जनावरांपासून माणसाला होणारे रोग शिकवतात. गाभडलेल्या गाईचा वार उघड्या हाताने काढू नका, असे डॉक्टर बजावतो; कारण त्यातून ब्रुसेल्लोसिस घरातल्या माणसाला होऊ शकतो. या शास्त्राचे सामर्थ्य केवढे, तर गोठेच्या गोठे रिकामे करणारी बुळकांडी लसीकरणाने हटली आणि 2011 साली जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले.

कोणाला जमेल?

नुसती आवड पुरत नाही. अभ्यास इंग्रजीतून असतो. रात्री दोनला, पावसात, अडलेल्या गाईसाठी जावे लागते. खांद्यापर्यंत हात घालावा लागतो, लाथाही बसतात. मुलींना हे कसे झेपणार, असे काही जण विचारतात. अडलेले वासरू ताकदीने ओढायचे नसते. आधी ते सरळ करायचे असते, मग कळेबरोबर ओढायचे. हे कसब शिकलेल्या हाताचे आहे. तो हात मुलाचा की मुलीचा, याने फरक पडत नाही.

पालकांनी इतके करावे. सुट्टीत मुलाला चार सकाळी जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात, डॉक्टरांना विचारून, नुसते बघायला पाठवावे. रक्त, शेण, वास पाहून टिकला तर पुढचा विचार करावा. आणि अर्जावर सही करण्यापूर्वी कॉलेजात दोन प्रश्न विचारावेत : या शिक्षणावर पशुवैद्यक परिषदेत नोंदणी होते का? आणि कॉलेजला परिषदेची मान्यता आहे का? दोन्हींचे उत्तर लेखी मिळाल्याशिवाय पैसे भरू नयेत.