लग्नाचा व्हिडिओ कोणाकडे सोपवावा?

प्रश्न : मे महिन्यात गोंदियाला बहिणीचं लग्न आहे. व्हिडिओवाला निवडताना काय पाहावं?

उत्तर : तीन मिनिटांच्या चकचकीत ट्रेलरवर भुलू नका, गाणं लावलं की कोणतंही लग्न देखणं दिसतं. एखाद्या लग्नाचं संपूर्ण चित्रीकरण मागा आणि मंगलाष्टकांचा आवाज कान देऊन ऐका. डीजेच्या गोंगाटात नेमका तोच हरवतो, आणि आजीने दिलेला आशीर्वाद पुन्हा टिपता येत नाही. लग्न संध्याकाळचं असेल तर कमी उजेडातलं कामही पाहा. एक कार्ड बिघडलं तरी चित्रण वाचावं म्हणून कॅमेऱ्यात एकाच वेळी दोन कार्डांवर नोंद होते का, हे विचारा. ड्रोनने चित्रण हवं असेल, तर गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळाच्या परिसरात त्याला परवानगी लागते. ती कोण काढणार? प्रत्यक्ष शूट कोण करणार आणि सगळं हातात कधी मिळणार, हे कागदावर घ्या. पूर्ण रक्कम आधी देऊ नका.