उपवासाचे ताट

आमची आई सातारा-सांगलीपलीकडे गेली ती फक्त पंढरपूरला. एकादशीला ती साबुदाण्याची खिचडी करते. इतिहासाच्या तासानंतर मी त्या ताटाकडे नव्याने पाहिले. मिरची, बटाटा, शेंगदाणा आणि ज्याचा साबुदाणा होतो तो कंद, सारेच मूळचे अमेरिका खंडातले! १४९२ नंतर ते समुद्रापार निघाले. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. मिरची त्यांच्याच जहाजांतून आली. त्यापूर्वी आपले तिखट मिऱ्यांचे. ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगीजच.

उलट हळद इथली. सांगलीच्या पेठेतून दूरदेशी जाते. पण उपवासाला ती चालत नाही.

हे ऐकून आईने विचारले, “मग परक्याचं चालतं कसं रे?”

मला उत्तर सुचले नाही. मात्र कुणाला परके म्हणताना आता जीभ अडखळते.